मत कुजवण्याचा धंदा

(वस्तीतल्या अभ्यास-शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, आकडे तेवढे पुन्हा तपासून घेतले.)



मी गोदीतला माणूस. मॅट्रिक झालो आणि पुढं वह्यांच्या जागी पाठीवर माल आला. अधूनमधून कविता लिहितो, पण कवितेला कुणी पुरावा मागत नाही. आज पुरावा घेऊन आलोय. विषयच तसा आहे. निवडणुकीत आपल्याशी खोटं कसं बोललं जातं, आणि त्या खोट्यानं निकाल कसा फिरतो, यावर बोलायचंय. खोट्यावर बोलताना आपणच ऐकीव ठोकून दिलं तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

म्हणून आधी माझाच गुन्हा सांगतो.

२०१९ साल. लोकसभेची निवडणूक, माझं पहिलंवहिलं मत. अंगात नुसती वाफ होती. माझी आत्या, ठेकेदाराकडं झाडूचं काम करते. तिची चाळ पाडली, तिला लांबच्या संक्रमण शिबिरात टाकली. महिना-दीड महिना आधीच ती मला म्हणाली, "बाळा, माझं नाव हाय का बघ रं यादीत." मी बघितलं. नव्हतं. पत्ता गेला तसं नावही गेलं. अर्ज भरायला वेळ होता. पण त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक मेसेज आला. तुमच्यापैकी कैक जणांना आला असणार. यादीत नाव नसलं तरी घाबरू नका, केंद्रावर जा, ओळखपत्र दाखवा, कलम ४९ अ खाली 'चॅलेंज व्होट' मागा. तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं असेल तर 'टेंडर व्होट' मागा. आणि अशी टेंडर मतं चौदा टक्क्यांवर गेली तर त्या केंद्रावर पुन्हा मतदान होतं.

कलम आलं, टक्के आले, आणि मी पाघळलो. आपल्या लोकांना कायद्याचा आकडा दिसला की विश्वास बसतो. मी तो मेसेज अकरा ग्रुपवर टाकला. आत्याला म्हणालो, "काळजी करू नको, तुझा हक्क कायद्यात आहे."

मतदानाच्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाचा खाडा केला. ठेवणीतलं लुगडं नेसली. दोन तास रांगेत उभी राहिली. आत गेली आणि म्हणाली, मला च्यालेंज वोट द्या. तिथला साहेब वाईट नव्हता. त्यानं यादी दोनदा चाळली आणि सांगितलं, मावशी, असं काही नसतं. ती बाहेर आली. मी फाटकाशीच उभा होतो. ती चिडली नाही, एवढंच म्हणाली, "आरं, तू शिकलेला म्हनून तुझं ऐकलं."

दोस्तांनो, मुकादमाच्या शिव्या मी पचवल्यात. हे वाक्य मला अजून पचत नाही.

आता खरं काय ते ऐका आणि घरी जाऊन सांगा. यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आधार दाखवा, पासपोर्ट दाखवा, नाही म्हणजे नाही. 'चॅलेंज व्होट' हा मतदाराचा हक्कच नव्हे. ते उलटं आहे. केंद्रात बसलेला उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये भरून तुमच्या ओळखीवर हरकत घेतो, म्हणतो हा तो माणूस नव्हे. 'टेंडर व्होट' खरं आहे, पण यादीत नाव असेल आणि तुमच्या आधी कुणी तुमच्या नावावर मत टाकून गेला असेल तरच. ते कागदावर घेतात, वेगळ्या पाकिटात ठेवतात, आणि कोर्टानं सांगितल्याशिवाय मोजत नाहीत. चौदा टक्क्यांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही. म्हणजे मेसेजमधले शब्द खरे होते आणि अर्थ खोटा होता.

आमच्या गोदीत डाळीची पोती उतरतात. शिलाई शाबूत, वजन बरोबर, टॅली क्लार्क आकडा मांडून मोकळा. पण बोटीच्या पोटात कुठंतरी खारं पाणी शिरलेलं असतं. पोतं फोडल्यावर वास येतो. निवडणुकीत तसंच होतं. आपण पेटीच्या सीलावर, मशिनवर भांडत बसतो. भांडलंच पाहिजे. पण पेटीत पडायच्या आधी, माणसाच्या डोक्यातच मत नासलेलं असेल तर सील शाबूत असून उपयोग काय?

हे आजचं नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्याच निवडणुकीत, याच मुंबईत, खुद्द बाबासाहेबांच्या बाबतीत हे झालंय.

जानेवारी १९५२. मतदारसंघ मुंबई शहर उत्तर. तेव्हा काही मतदारसंघ दुहेरी असायचे. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. अट एकच : दोन्ही मतं एका उमेदवाराला द्यायची नाहीत. आजच्यासारखा शिक्का किंवा बटण नव्हतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, कम्युनिस्टांचा विळा आणि कणीस, आपल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतपत्रिका घ्यायची आणि पेटीत टाकायची. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक धरायची, दुसरी बाद.

बाबासाहेब राखीव जागेवर. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती, म्हणून सर्वसाधारण जागेला अशोक मेहता. हिशोब साधा होता. आपल्या माणसानं एक मत बाबासाहेबांना द्यायचं, दुसरं मेहतांना. समाजवाद्यांनी एक मेहतांना, दुसरं बाबासाहेबांना. समोर काँग्रेस. आणि तिसऱ्या बाजूला कॉम्रेड डांगे.

निकाल ऐका. काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. घटना लिहिणारा माणूस घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत १४,५६१ मतांनी पडला. आणि बाद झालेली मतं? ७४,३३३. पडलेल्या फरकाच्या पाचपट मतं कुजून गेली.

बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली. त्यांचं म्हणणं असं की डांगे आणि त्यांच्या लोकांनी मतदारांना दुसरं मत कुजवायला सांगितलं. दोन्ही मतं एकाच पेटीत टाका, म्हणजे दुसरं कुणालाच जाणार नाही. न्यायाधिकरणानं याचिका फेटाळली. हेही मी सांगणार, लपवणार नाही. आणि ७४ हजारांतलं प्रत्येक मत प्रचारानंच बाद झालं असंही मी म्हणणार नाही. पहिली निवडणूक, बहुतेक लोक निरक्षर, नियम नवा. कितीतरी साध्या माणसांनी प्रेमापोटीच दोन्ही कागद आपल्या चिन्हाच्या पेटीत घातले असतील. माझा मुद्दा तोच आहे. जिथं नियम माहीत नसतो तिथं कुजवणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. अज्ञान आधीपासून ओलं असतं, त्यानं नुसतं पोतं टेकवायचं.

आणि हेही बघा की दुसरं मत कुजलं की मरतो कोण. १९३२ च्या पुणे करारानं आपल्या जागा राखीव झाल्या, पण निवडून देणार सगळे. राखीव जागेवरचा माणूस आपल्या एकट्याच्या मतांवर येत नाही, त्याला बाकीच्यांचं मत लागतं. दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला 'हत्तीला देऊ नका' असं सांगायची गरजच नाही. 'दुसरं मत कुजवा' म्हटलं की झालं. जातीचं नावही घ्यावं लागत नाही. हात स्वच्छ, काम फत्ते.

दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं गेले. कुजवणं गेलं नाही. आता त्याचे प्रकार सांगतो. तुम्ही ओळखाल.

पहिला प्रकार नावाचा. २०१४, रायगड लोकसभा. अनंत गीते २,११० मतांनी जिंकले. हरले सुनील तटकरे. आणि त्याच यादीत आणखी एक सुनील तटकरे उभे होते, अपक्ष. त्यांना पडली ९,८४९. ह्या मतांतली किती चुकून पडली ते तुम्हीच ठरवा. कुणाचा कुठला पक्ष ह्याच्याशी मला घेणं नाही. उद्या हे आपल्या माणसाशी होईल.

दुसरा प्रकार चिन्हाचा. २०२४, सातारा लोकसभा. फरक ३२,७७१ चा. हरलेल्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळालं होतं दुसरंच वाद्य, पिपाणी, आणि मराठीत त्याचंही नाव तुतारीच दाखवलं होतं. त्याला ३७,०६२ मतं. विधानसभेच्या आधी ते चिन्ह गोठवायची मागणी झाली, पण निवडणूक आयोगानं ते गोठवलं नाही.  साताऱ्याचा निकालही तसाच राहिला. इथं कुणी तोंडानं खोटं बोललं नाही, तरी माणूस फसला.

तिसरा प्रकार 'भाऊ बसला'. हा आपल्या वस्त्यांचा खास रोग. प्रचार थांबला, भोंगे बंद झाले, आणि रात्री अकरा-बाराला बातमी फिरते : आपला उमेदवार बसला, मॅनेज झाला, अमक्याला पाठिंबा दिला. कायद्यानं मतदान संपायच्या आधीचे ४८ तास जाहीर सभा बंद. म्हणजे खुलासा करायला मंडप नाही. पण अफवेला मंडप लागत नाही. सकाळी सात वाजता मशिन चालू होतं, आणि बिचारा उमेदवार दाराशी उभा राहून ओरडत असतो, मी बसलो नाही रे. तोवर पाचशे मतं गेलेली.

चौथा प्रकार भीतीचा. मुकादम, ठेकेदार, नगरसेवकाचा माणूस येतो नि म्हणतो, कुणाला दिलंस ते आम्हाला कळतं. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच चालतं. तुमचं एकट्याचं मत कुणालाही कळत नाही. चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते ती तुम्हालाच. पण मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे सगळ्यांना मिळतात. एका केंद्रावर हजार-बाराशे नावं. म्हणजे अमुक गल्लीनं कुठं मत टाकलं याचा अंदाज त्याला येतो. तो गल्लीला धमकावतो आणि भासवतो असं की प्रत्येकाला ओळखतो. मग नळाचं पाणी बंद होईल, झोपडी जाईल, ह्या भीतीनं म्हातारी माणसं त्याच्याच चिन्हावर बोट ठेवतात. त्यांना हा फरक कुणी समजावून सांगितलाय का? आपण सांगितलाय?

पाचवा प्रकार, 'तुमचं मत वाया जाईल'. आपला स्वतंत्र उमेदवार उभा राहिला की हे सुरू. मतं खाणारा, कुणाची तरी बी टीम. कधी त्यात गणित असतं, नाही असं नाही. एका मतानं जिथं एकच निवडून येतो तिथं मतं फुटली की तिसरा येतो हे खरंच आहे. पण गणित सांगणाऱ्याला गणित विचारा. मागच्या वेळचे आकडे दाखव. आमची मतं किती, तुझी किती, आणि आमच्याशी बोलणी करायला तू किती वेळा आलास? आकडा दाखवला तर ऐकू. नुसता दम दिला तर तो प्रचार आहे.

आणि आता नाजूक जागी हात घालतो. २०२४ ची लोकसभा. संविधान बदलणार, ही गोष्ट त्या निवडणुकीत घराघरात गेली. एक बाजू म्हणाली खरा धोका आहे, दुसरी म्हणाली खोटा नरेटिव्ह. सत्ताधारी पक्षाच्याच एका खासदारानं घटनेत बदल करायला चारशे जागा हव्यात असं जाहीर बोलून टाकलं होतं. म्हणजे लोकांना हवेतून भीती वाटली नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा आघाडीनं घेतल्या, १७ महायुतीनं. सहा महिन्यांच्या आत विधानसभा. तोवर बहिणींच्या खात्यात दीड हजार पडायला लागले, एका बाजूनं २१०० कबूल केले, दुसऱ्या बाजूनं ३०००, वर 'बटेंगे तो कटेंगे'. आणि महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा. त्याच राज्यात, त्याच लोकांनी.

एका घोषणेनं एवढा फिरला असं म्हणणारा खोटं बोलतो. निकालाला शंभर कारणं असतात. पण मी आपल्याबद्दल बोलतो. आपल्याला एकदा भीती विकली, एकदा दीड हजार विकले. दीड हजाराला मी हसत नाही. आत्याच्या घरात त्या पैशातून गॅस येतो. पण ठेकेदारी कधी बंद होणार, कायम कधी करणार, चाळीच्या जागी घर कधी देणार, हे प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहिले. घटना वाचवण्यासाठी आपण मत दिलं, आणि घटना एकदा उघडून तिच्या ३६८ व्या कलमात काय लिहिलंय, बदल कसा होतो, किती मतं लागतात, १९७३ च्या केशवानंद भारती निकालानं कुठं कुंपण घातलं, हे किती जणांनी वाचलं? ज्यानं वाचलंय त्याला कुणी उगाच घाबरवू शकत नाही, आणि खरा धोका आला तर त्याला कुणी झोपवूही शकत नाही.

कायदा काय करतो म्हणाल, तर ऐका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३, पोटकलम ४. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा तो उभा आहे की बसला याबद्दल जाणूनबुजून खोटं छापलं, पसरवलं, आणि ते उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं झालं, तर तो भ्रष्टाचार. निवडणूक रद्द होऊ शकते. पण त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका घालायची, आणि संमती सिद्ध करायची. मेसेज कुठून निघाला त्याचा पत्ता नाही, संमती कुठून दाखवणार? भारतीय न्याय संहितेत कलम १७५ आहे, उमेदवाराबद्दलच्या खोट्याला शिक्षा फक्त दंड. म्हणजे कायदा आहे, पण तो निकालानंतर येतो, आणि वकिलाचे पैसे घेऊन येतो. १९५२ ला तर बाबासाहेबांसारखा बॅरिस्टर उभा होता. तरी हरला. आपण कोण?

आता शेवटचं, आणि हे इथं बसलेल्या पोरांसाठी.

विधानसभेच्या आदल्या रात्री आपल्याच कट्ट्यावर काय झालं ते काही जणांना माहीत आहे. समोरच्या पार्टीचा उमेदवार बसला, असा मेसेज आपल्याच पोरांनी बनवला. खाली त्याची सही, वर लेटरहेड. हुबेहूब. मला म्हणाले, भाऊ, तू लिहितोस बरा, दोन ओळी नीट करून दे. ते आपल्याशी सत्तर वर्षं हेच करत आलेत, एकदा आपण केलं तर काय बिघडलं? मला मोह झाला. खोटं कशाला बोलू? बोटं शिवशिवत होती. समोरचा माणूस आपल्या वस्तीचा दुष्मन आहे, हे मलाही मान्य आहे.

तेव्हा मला भंडारा आठवला. १९५४ ची पोटनिवडणूक. पुन्हा दुहेरी मतदारसंघ, पुन्हा बाबासाहेब राखीव जागेवर आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. १९५२ चा घाव ताजा होता. जुने कार्यकर्ते सांगत आलेत की तेव्हा आपल्या लोकांनी सुचवलं, बाबा, आपण आपलं एक मत तुम्हाला टाकू आणि दुसरं कुजवू. म्हणजे बाकी कुणाची मतं वाढणार नाहीत. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. दुसरं मतही द्या, कुजवू नका. मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले.

लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला राग यायचा. वाटायचं, कशाला एवढा चांगुलपणा, ह्या हरामखोर जगात? आता कळतं. मतदानाचा हक्क ह्या देशात सगळ्यांना मिळाला त्यात त्या माणसाची जिंदगी गेली होती. मत ही फसवायची वस्तू आहे असं आपल्या माणसांना त्यानं शिकवलं असतं, तर पुढं आपल्याला फसवणाऱ्याला आपण कुठल्या तोंडानं विचारलं असतं? आणि दुसरं, अगदी धंद्याचं बोलतो. खोट्याचा कारखाना त्यांचा मोठा आहे. पैसा त्यांचा, छापखाना त्यांचा, फोनवरची यंत्रणा त्यांची. खोट्याच्या बाजारात आपण उतरलो तर आपला माल कधीच खपणार नाही. आपल्याकडं एकच भांडवल आहे : वस्तीतली बाई आपल्यावर विश्वास ठेवते. ते मी २०१९ ला एकदा उडवलंय.

मी त्या रात्री दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. काही पोरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. आपला माणूस पडला. मेसेज टाकला असता तर आला असता का? मला नाही वाटत. पण आला असता तरी मी लिहिलं नसतं, हे आज चारचौघांत सांगून ठेवतो.

करायचं काय ते थोडक्यात. प्रत्येक गल्लीत दोघांनी मतदार यादीचा कागद हातात धरायचा आणि दारोदार नावं ताडायची. नाव नसेल त्याचा सहा नंबरचा अर्ज, पत्ता बदलला असेल त्याचा आठ नंबरचा. निवडणुकीच्या हंगामात नाही, आत्ता. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीचं दार बंद होतं. फोनवर आलेला मेसेज पुढं ढकलायच्या आधी विचारायचं, हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि हे खोटं निघालं तर रांगेतून परत कोण येणार? आदल्या रात्री आपल्या उमेदवाराचा एक नंबर गल्लीत सगळ्यांना माहीत असावा, म्हणजे 'बसला' ऐकलं की थेट त्यालाच विचारता येईल. म्हाताऱ्यांना चिन्ह नीट दाखवा, नाव पूर्ण सांगा, यादीतला क्रमांक पाठ करून घ्या.

एका मतानं काय होतं म्हणणाऱ्याला सांगा, २०२४ ला वायव्य मुंबईत खासदार ४८ मतांनी ठरला. आमच्या एका पाळीवर त्याहून जास्त माणसं असतात.

आत्याचं नाव आता यादीत आहे. अर्ज मीच भरला. २०२४ ला दोन्ही वेळा ती मत देऊन आली. कुणाला दिलं ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता याद्या घेऊन इथंच जमायचं. पेन ज्यानं त्यानं आणावं.

जय भीम.